लग्नपत्रिकेवरचं नस्तालीक : दिसायला सुंदर, पण कुणी वाचून पाहिलं का?

शाबान जवळ आला की माझ्या मोबाईलवर लग्नपत्रिकांचे फोटो यायला सुरुवात होते. रमजानच्या आत निकाह उरकून घ्यायची घाई सगळीकडेच असते. "टीचर, जरा उर्दू बघून द्या ना, प्रेसवाला थांबलाय." कधी जुना विद्यार्थी, कधी एखादे पालक, कधी मोहल्ल्यातलं कुणी. मराठी बाजू घरातल्या सगळ्यांनी दोन-दोनदा वाचलेली असते. काकाचं नाव राहिलं, मामाचं खाली गेलं, हॉलचा पत्ता चुकला, सगळं तपासून झालेलं असतं. उर्दू बाजू मात्र "मस्त दिसतेय" एवढ्यावर पास झालेली असते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीचं लग्न ठरलं. वडिलांनी हौसेने पत्रिका छापल्या, चारशे. मरून रंग, सोनेरी किनार, वर उर्दू आणि खाली मराठी. पहिली पत्रिका घरात आली तेव्हा दादीने चष्मा लावला, बोट ठेवून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "ये क्या लिखे रे इसमें?" वडिलांना उर्दू वाचता येत नव्हतं. प्रेसवाल्यालाही नाही. पत्रिका माझ्याकडे आली. प्रत्येक अक्षर सुटं पडलेलं, आणि तेही डावीकडून उजवीकडे मांडलेलं. मुलीचं नाव मीमपासून सुरू होतं, ते उजवीकडून वाचायचं; इथे मीम सगळ्यात डावीकडे जाऊन बसला होता. मराठीत 'कमल' हे 'ल म क' असं लिहावं आणि वर सोनेरी रंगात छापावं, तसं. तोपर्यंत दीडशे पत्रिका वाटून झाल्या होत्या.

यात प्रेसवाल्याला शिव्या देऊन भागत नाही. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. ही चूक का होते, ते समजून घ्यायचं तर पत्रिकेवर आपण जी लिपी एवढ्या हौसेने मागतो, ती काय चीज आहे हे थोडं समजून घ्यावं लागेल.

उर्दू ज्या वळणात लिहिली जाते त्याला नस्तालीक म्हणतात. अरबी लिहिण्याचं सर्वांच्या ओळखीचं वळण नस्ख, आणि इराणमधलं जुनं दफ्तरी वळण तालीक. या दोन्हींच्या नावांवरून नस्तालीक हे नाव आलं. चौदाव्या-पंधराव्या शतकात इराणमध्ये ते घडलं. त्याचं श्रेय परंपरेने मीर अली तबरेजी यांना दिलं जातं. त्यांना स्वप्नात उडत्या पक्ष्यांच्या पंखांकडे पाहायला सांगितलं गेलं, अशी कथा खुशनवीस मंडळी आजही सांगतात. कथा खरी असो-नसो, अक्षरांचा तो वरून खाली तिरका उतरणारा झोक पाहिला की पंख आठवतात हे खरं.

मुघलांबरोबर हे वळण हिंदुस्थानात आलं आणि फुललं. अकबराच्या दरबारात मुहम्मद हुसेन काश्मीरी या खुशनवीसाला 'जर्रीन कलम' म्हणजे सोनेरी लेखणी असा किताब होता. पुढे उर्दूने हेच वळण आपलं मानलं. इतकं, की नस्खमध्ये छापलेली उर्दू आपल्या डोळ्यांना परकी वाटते. इराणात उलट झालं. तिथे वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं नस्खच्या धाटणीच्या टाइपात छापतात आणि नस्तालीक राहतं ते शेराशायरीसाठी, पाट्यांसाठी, लग्नाच्या पत्रिकांसाठी. म्हणजे त्यांच्याकडे हे सणासुदीचं अक्षर, आपल्याकडे रोजचं. पण मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत हळूहळू इराणसारखंच झालंय. त्यांना उर्दू दिसते ती फक्त दोन ठिकाणी, मशिदीच्या भिंतीवर आणि लग्नाच्या पत्रिकेवर.

आता ही लिपी मशिनला अवघड का जाते ते बघू. मराठी वाचकाला हे सांगणं सोपं आहे, कारण आपल्याकडे 'र' आहे. 'रस'मधला र वेगळा, 'क्रम'मधला वेगळा, 'अर्क'मधला डोक्यावर रफार होऊन बसलेला, 'ट्रक'मधला खाली टोपीसारखा. शेजारी कोण आहे त्यावर र आपलं रूप बदलतो. नस्तालीकमध्ये जवळजवळ प्रत्येक अक्षर असं वागतं. शब्दाच्या सुरुवातीचा 'बे' घ्या. पुढे अलिफ आला तर एक रूप, जीम आला तर दुसरं, सीन आला तर तिसरं, मीम आला तर चौथं. थोडक्यात, जवळपास प्रत्येक शब्द म्हणजे एक लांबलचक जोडाक्षरच.

दुसरी अडचण ओळीची. देवनागरीत शिरोरेषा असते, अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात. इंग्रजीत अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात. नस्तालीकमध्ये जोडलेला तुकडा जिन्यासारखा उतरतो, उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली येऊन टेकतो. तुकडा जितका लांब तितकी सुरुवात उंचावर. 'मुस्तफा' हे नाव उर्दूत लिहिताना पाचही अक्षरं एकमेकांना जोडली जातात, त्यामुळे त्यातला मीम बराच वर जाऊन बसतो. 'दाऊद'मध्ये दाल, अलिफ, वाव ही अक्षरं पुढच्याला हात देत नाहीत, म्हणून ते सगळं खालीच राहतं. आणि या सगळ्या चढउतारात नुक्ते एकमेकांवर आदळता कामा नयेत. कातिब हे डोळ्यांनी सांभाळायचा. त्याचं माप 'कत' असायचं, म्हणजे बोरूच्या टोकाने काढलेला एक चौकोनी ठिपका. अलिफ तीन कत उंच, मग बाकीच्या अक्षरांची लांबी, गोलाई त्याच हिशेबात. तख्तीवर मुलतानी माती लावून वर्षानुवर्षं मश्क केल्यावर हात बसायचा.

छपाई आली तेव्हा शिशाच्या खिळ्यांना हे जमलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात नस्तालीकचे खिळे पाडून पुस्तकं छापली गेली, पण ती पद्धत रुजली नाही. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये 'अल-हिलाल' काढलं ते नस्खच्या टाइपात. बाकी उर्दू जग मात्र शिळाछपाईवरच राहिलं. कातिबाने खास शाईने लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि छापायचं. पुढे दगडाच्या जागी पत्रा आला, ऑफसेट आलं, पण लिहायचं कातिबानेच. सगळं जग टाइप जुळवत होतं तेव्हा उर्दू वर्तमानपत्राची रोजची पानं माणसं हाताने लिहून काढत होती. चेन्नईचं 'द मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेलं उर्दू दैनिक तर कॉम्प्युटरच्या जमान्यातही कातिबांच्या हातानेच लिहिलं जात राहिलं.

हे बदललं १९८१ साली, आणि ते बदलणाऱ्या माणसाचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. मिर्झा अहमद जमील हे जन्माने दिल्लीचे आणि शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि तिथे छपाईच्या धंद्यात पडले. त्यांनी वेगळा विचार केला. एकेक अक्षर मशिनला शिकवून ती जोडायला लावण्यापेक्षा, उर्दूत येणारे जोडलेले तुकडेच सगळे लिहून काढायचे. चिनी लिपीची हजारो चिन्हं मशिन सांभाळू शकतं, तर हे का नाही? असे सुमारे वीस हजार तुकडे तयार झाले. ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीच्या मशिनवर ते चढले आणि १९८१ मध्ये लाहोरचं दैनिक 'जंग' कॉम्प्युटरवर जुळवलेल्या नस्तालीकमध्ये निघालं. वडिलांचं नाव नूर अहमद, म्हणून अक्षराला नाव दिलं 'नूरी नस्तालीक'.

ते मशिन साध्या छापखान्याला परवडणारं नव्हतं. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' हे सॉफ्टवेअर काढलं, त्यात नूरी नस्तालीक बसवलं, आणि साध्या कॉम्प्युटरवर उर्दू टाइप व्हायला लागली. मुंबई, मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, जिथे जिथे उर्दू छापली जाते तिथे इनपेज पोचलं. तुमच्या घरात गेल्या पंचवीस वर्षांतली कुठलीही उर्दू लग्नपत्रिका काढून बघा, बहुतेक तीच नूरी नस्तालीक असेल. कातिबांचं काम गेलं, हे दुःख आहेच. ज्यांचा हात बोरूवर बसला होता त्यांच्यातले काही इनपेजचे ऑपरेटर झाले, बाकीच्यांनी दुसरी कामं धरली. तरी मी नूरीला दोष देत नाही. त्यातलं प्रत्येक वळण मुळात एका माणसाच्या हाताने लिहिलेलं आहे.

आता पुन्हा त्या मरून पत्रिकेकडे येऊ. प्रेसवाल्याने उर्दू मजकूर मोबाईलवरून घेतला आणि थेट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला. त्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची आणि अक्षरं जोडण्याची सोय चालू नव्हती. मग ते बिचारं इंग्रजीसारखं वागलं, अक्षरं सुटी ठेवली आणि डावीकडून मांडत गेलं. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. पत्रिकांवरच काय, दुकानांच्या पाट्यांवर, रिक्षांच्या मागे, जलशांच्या बॅनरवरही दिसते. उपाय साधा आहे. उर्दू मजकूर इनपेजमध्ये किंवा उर्दू नीट समजणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचा, तिथून त्याचं चित्र किंवा पीडीएफ करून पत्रिकेत बसवायचं, म्हणजे पुढे कुठल्या मशिनवर फाइल उघडली तरी अक्षर हलत नाही. ज्यांच्याकडे इनपेज नाही त्यांच्यासाठी गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट फुकट मिळतो, आणि अलीकडे आलेला 'गुलजार'ही. हे फॉन्ट नूरीसारखे तयार तुकडे साठवत नाहीत, नियमांनी अक्षरं जोडतात.

हा फरक आपल्या आडनावांना आणि गावांना लागू पडतो. वीस हजार तुकड्यांत रोजच्या उर्दूचे शब्द आहेत, पण चिपळूण, मंडणगड, संगमनेर किंवा एखादं खास कोकणी आडनाव त्यात हमखास सापडेलच असं नाही. तयार तुकडा नसला तर सॉफ्टवेअर सुटे भाग जोडून काम भागवतं आणि तेवढाच शब्द वाकडा दिसतो. अशा वेळी दुसरा फॉन्ट लावून बघा. आणखी एक, उर्दूत 'ळ' नाही, 'ण'साठी साधा नून लिहितात. चिपळूण उर्दूत 'चिपलून'च होणार, ती चूक नव्हे. मराठी बाजूला मात्र ळ आणि ण जिथल्या तिथे हवेत.

खरी भीती मला वाटते ती नुक्त्यांची. जोडलेलं, झोकदार, सोनेरी अक्षर आहे, पण एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर? 'खुदा'मध्ये नुक्ता वर असतो. तोच खाली आला की 'जुदा'. निकाहच्या पत्रिकेवर! 'दुआ'वर एक ठिपका चढला की 'दगा'. 'रहीम'मधल्या हेच्या पोटात चुकून एक ठिपका पडला तर 'रजीम' होतं, आणि तो शब्द आपण कुणासाठी वापरतो हे सांगायला नको. सोनेरी फॉइलचं काम करताना बारीक ठिपके उडतात किंवा शाईचा थेंब पडतो. म्हणून फॉइल किंवा उठावाची छपाई असेल तर अक्षर थोडं मोठं ठेवायला सांगा आणि स्क्रीनवर बघून समाधान मानू नका. कागदावरचा एक नमुना हातात घेऊनच हो म्हणा.

काही चुका अरबी कीबोर्डमधून येतात. अरबी फॉन्टमध्ये टे, डाल, अडे ही आपली अक्षरं नसतील तर 'पटेल'मधल्या टेच्या जागी रिकामी चौकट उमटते. 'अली'च्या शेवटच्या येखाली दोन ठिपके येतात, ते अरबी वळण झालं. सगळ्यात फसवी जोडी आहे गोल हे आणि दोचश्मी हे यांची. 'भाई' लिहायला दोचश्मी हे लागते. तिथे गोल हे पडली तर वाचणारा 'बहाई' वाचतो. आपल्याकडे निमंत्रकांच्या यादीत दर दुसरं नाव 'भाई'ने संपतं, तेव्हा एका पत्रिकेत आठ-दहा जण बहाई झालेले मी पाहिले आहेत.

नावांचं तर विचारूच नका. मराठीत एक 'ज' आहे, उर्दूत त्या आवाजाच्या जवळ जाणारी अक्षरं पाच : जीम, झाल, झे, झ्वाद, झोय. ऑपरेटर आधार कार्डावरून मराठी नाव बघतो आणि अंदाजाने एक अक्षर टाकतो. 'नजीर' झालने लिहिलं तर सावध करणारा, झोयने लिहिलं तर उदाहरण, जोड. दोन्ही नावं खरी आहेत, पण तुमच्या दादांचं कुठलं? मोबाईलच्या भाषांतराला हे कळणार नाही. घरात आईवडिलांचा जुना निकाहनामा असतो, दादांची उर्दू शाळेची सर्टिफिकिटं असतात, कबरीवरचा दगड असतो. तिथून हिज्जे उतरवून घ्या.

आता मजकुराकडे. उर्दू पत्रिकेची भाषा ठरलेली असते, आणि इनपेजमध्ये तिचा साचा पडून असतो. ऑपरेटर मागच्या लग्नाची फाइल उघडतो, नावं बदलतो. 'फरजंद-ए-अर्जुमंद' म्हणजे भाग्यवान मुलगा, 'दुख्तर-ए-नेक अख्तर' म्हणजे चांगल्या नक्षत्राची मुलगी, 'नूर-ए-चश्म' म्हणजे डोळ्यांचा उजेड. मराठी पत्रिकेत 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' जे काम करतात तेच हे शब्द करतात. नावं बदलली आणि 'बिन्त'च्या जागी 'इब्न' तसंच राहिलं, तर मुलगी कुणाचीतरी मुलगा होऊन जाते. एका पत्रिकेत मला आधीच्या लग्नातल्या नवऱ्यामुलाचे मामू तसेच उभे दिसले होते, 'चश्मबराह' म्हणून. चश्मबराह म्हणजे वाटेवर डोळे लावून बसलेले. ते मामू कुणाच्या वाटेवर डोळे लावून होते, अल्लाह जाणे.

आणि 'अल-मुकल्लिफ'? पत्रिकेच्या शेवटी निमंत्रकाच्या नावाआधी येणारा हा शब्द 'तकलीफ'च्या घराण्यातला आहे. तुम्हाला यायची तकलीफ देणारा, तो मी. मराठीत आपण 'विनीत' लिहितो. दोन्हीत अदब आहे, पण उर्दूवाल्याने आधीच माफी मागून ठेवलीय! हे शब्द मुलांना कळत नाहीत म्हणून काढून टाकावेत असं मला वाटत नाही. वर्गात सातवीच्या मुलांना मी लग्नपत्रिका आणायला सांगते आणि एकेक शब्द उघडून दाखवते. त्या तासाला कुणी कंटाळत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. बऱ्याच घरांत उर्दू बाजूला नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि मुलीच्या जागी फक्त 'दुख्तर-ए-नेक अख्तर, जनाब अमुक तमुक'. मुलीचं नावच नाही. पर्द्याचा जुना रिवाज म्हणून चालत आलेलं. गंमत म्हणजे त्याच पत्रिकेच्या मराठी बाजूला तिचं नाव डिग्रीसकट छापलेलं असतं. मग उर्दूत लपवून काय साधलं? निकाहच्या वेळी तिचं नाव घेऊनच तिची रजामंदी विचारली जाते, निकाहनाम्यावर ते नाव येतं, तिची सही येते. ज्या मुलींना मी अलिफ-बे शिकवलं त्यांनी पहिल्यांदा जोडून लिहिलेला शब्द बहुतेक वेळा स्वतःचं नाव असतो. काही घरांत माझं हे म्हणणं पटत नाही, वडीलधारे नाराज होतात. त्यांचा आदर ठेवून मी तरीही दरवेळी विचारते. गेल्या वर्षी तीन घरांनी ऐकलं.

पत्रिकेच्या माथ्यावर काय असावं, हाही नेहमीचा प्रश्न. सूरह रूमची एकविसावी आयत, ज्यात नवरा-बायकोमधल्या मुहब्बत आणि रहमतचा उल्लेख आहे, ती अनेक जण छापतात. छापायची असेल तर एक लक्षात ठेवा. कुरआनचा मजकूर नस्ख किंवा सुलुस वळणात, जेर-जबरसकट लिहितात. ताजमहालावर अमानत खान शीराजी यांनी कोरवलेल्या आयतीही सुलुसमध्ये आहेत. उर्दूसाठी नस्तालीक, आयतीसाठी नस्ख, असे दोन्ही एका पत्रिकेत शोभून दिसतात. आणि आयत कधीही टाइप करून घेऊ नका. तपासलेल्या मुसहफवरून किंवा खात्रीच्या प्रतीवरून चित्र घ्या. दुसरी बाजूही बघा. लग्न झालं की पत्रिकेचं काय होतं? रद्दीत, कचऱ्यात, पायाखाली. म्हणूनच अनेक उलेमा पत्रिकेवर आयत छापू नये असं सांगतात, आणि मलाही ते पटतं. काही जण ७८६ लिहून भागवतात, तो बिस्मिल्लाहच्या अक्षरांचा अबजद हिशेब आहे. त्यावरही मतं वेगवेगळी आहेत, आपल्या इमामसाहेबांना विचारा.

तारखा आणि फोन नंबर तपासायला विसरू नका. उर्दू उजवीकडून चालते पण आकडे डावीकडून. या भांडणात तारखेचं वर्ष पुढे येतं आणि दिवस मागे जातो, मोबाईल नंबरचे दोन भाग जागा बदलतात. इस्लामी तारीखही चंद्रावर अवलंबून असते, तेव्हा तिच्याशेजारी इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही असू द्या. वारावरूनच पाहुणे लक्षात ठेवतात.

त्या मरून पत्रिकांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. उरलेल्या अडीचशेवर उर्दू भागाएवढी पट्टी छापून चिकटवायची ठरली. मी मजकूर नीट करून दिला, मुलीचं नाव घातलं, एका ओळखीच्या इनपेजवाल्याने तासाभरात जुळवून दिलं. वाटून झालेल्या दीडशे घरी वडिलांनी फोन केले. बहुतेकांनी सांगितलं, आम्ही उर्दू बाजू पाहिलीच नव्हती. दादीने पट्टी लावलेली पत्रिका पुन्हा चष्मा लावून वाचली, नातीच्या नावावर बोट थांबवलं आणि दुसऱ्या ओळीतला एक नुक्ता पुसट आलाय म्हणून सांगितलं. तो खरंच पुसट होता.

तर पत्रिका दाखवायला घरात अशी दादी असेल तर आधी तिला दाखवा. नसेल तर मशिदीचे इमामसाहेब, मदरशातले मौलाना, उर्दू शाळेतलं कुणीही. माझ्याकडे पाठवलीत तरी चालेल, फक्त छपाईच्या आदल्या रात्री अकरा वाजता पाठवू नका, निदान दोन दिवस आधी पाठवा.